डिस्कचं तोंड तुटलं, तेव्हा

रमजानचा शेवटचा अशरा सुरू होता. तरावीह आटोपून भाऊ घरी आले, चहा झाला आणि अम्मीने हळूच विषय काढला, "आज अब्बांची एखादी कॅसेट लाव ना गं." रमजानमध्ये एकदा तरी ती हे म्हणतेच. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला, कपाटातून हार्ड डिस्क काढली आणि जोडली. एवढ्यात भावाचा धाकटा, वय वर्षे सात, फुगा घेऊन पळत आला आणि त्याचा पाय वायरीत अडकला. डिस्क टेबलाच्या कडेपर्यंत घसरत आली. मी ती धरली म्हणून खाली पडली नाही. पण हातात आली ती नुसती डिस्क. वायर लॅपटॉपला लोंबकळत राहिली आणि वायरीच्या टोकाला चिकटून डिस्कचा तो इवलासा धातूचा पोर्टही बाहेर आला, मुळासकट उपटलेल्या दातासारखा.

त्या डिस्कमध्ये काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढची धावपळ कुणाला उगाचची वाटेल. अब्बा १९७९ पासून कुवेतमध्ये होते. कोकणातल्या आमच्यासारख्या शेकडो घरांत तेव्हा टेलिफोन नव्हता. पत्रं यायची, पण अम्मीला वाचनाचा सराव कमी, म्हणून अब्बा कॅसेट भरून पाठवायचे. गावाकडचं कुणी सुट्टीवर येत असलं की त्याच्या बॅगेत साबण, अत्तर, टॉर्च आणि एक कॅसेट. आम्ही भावंडं टेपरेकॉर्डरभोवती बसायचो. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं आणि कॅसेटी थांबल्या. अब्बा अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानाने परतले ते एका पिशवीनिशी. पुन्हा गेले नाहीत. २०१४ मध्ये त्यांचा इन्तेकाल झाला. अल्लाह त्यांना मगफिरत देवो.

त्यांच्या एकूण ४१ कॅसेटी घरात होत्या. २०१८ मध्ये सुट्टीवर आलेल्या माझ्या धाकट्या भावाने टेपरेकॉर्डर लॅपटॉपला जोडून एकेक कॅसेट संपूर्ण वाजवली आणि ध्वनी साठवून घेतला. एक महिना त्यात गेला. मूळ कॅसेटी तळमजल्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आमच्या तळमजल्यावर छातीभर पाणी होतं. आठ दिवसांनी पेटी उघडली, तर आत चिखल आणि त्यात फुगलेल्या फिती. म्हणजे अब्बांचा आवाज दुनियेत एकाच ठिकाणी उरला होता, त्या एका डिस्कमध्ये. त्याच डिस्कमध्ये दोन बहिणींच्या निकाहचे फोटो, घराचे आणि बागेचे कागद स्कॅन केलेले. दुसरी प्रत काढायचं आम्ही दर ईदला ठरवत होतो. उंट बांधण्याची गोष्ट मी मुलांना किती वेळा सांगितली असेल, माझा स्वतःचा उंट मात्र मोकळाच होता.

आता चुका. पहिली चूक मी त्याच रात्री केली. तुटलेला पोर्ट जागेवर दाबून धरला आणि वायर लावली. डिस्क फिरू लागली, मग थांबली, मग पुन्हा फिरू लागली. लॅपटॉपच्या पडद्यावर खिडकी आली की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? भावाने माउस हातात घेतलाच होता. पुण्याला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याचा नेमका त्याच वेळी व्हिडिओ कॉल आला. तो तिकडून ओरडला, "खाला, काहीही दाबू नका! वायर काढा आधी!"

त्याने नंतर समजावून सांगितलं. अशा डिस्कमध्ये काचेच्या किंवा धातूच्या चकत्या मिनिटाला साधारण ५४०० फेऱ्यांनी फिरतात आणि वाचणारं डोकं त्यांच्या पृष्ठभागावरून न टेकता तरंगतं. केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतर. वीज अशी धक्क्याधक्क्याने मिळाली की डोकं सारखं जागेवरून उठतं आणि परत जातं, अर्धवट लिहिलेली माहितीही बिघडू शकते. पोर्ट तुटला म्हणजे डिस्क बिघडली असं नव्हे. आतला माल शाबूत असतो, फक्त दरवाजा मोडलेला असतो. दरवाजा दाबून धरून आत शिरायच्या नादात आपणच मालाची नासाडी करतो. आणि फॉरमॅटचा प्रश्न संगणक विचारतो तो आतलं नीट वाचता न आल्यामुळे. आत काही नाही असा त्याचा अर्थ नसतो. अशा वेळी उत्तर एकच, नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारपेठेतल्या एका दुकानात गेले. दुकानदाराने डिस्क उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, हे होत नाही. मुंबईला पाठवावी लागेल. १५ ते २० हजार जातील, खात्री नाही." मी उठले. दुसऱ्या दुकानातला जास्त उत्साही होता. त्याचं म्हणणं, "सोपं आहे. या प्लास्टिकच्या डब्यात आत लॅपटॉपचीच साधी डिस्क असते. ती काढायची, चारशे रुपयांच्या नव्या केसमध्ये बसवायची, झालं." त्याने नखाने डबा उघडला आणि गप्प झाला.

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण बऱ्याच डिस्कांच्या बाबतीत तो म्हणाला तेच खरं आहे. डब्यात एक साधी साटा जोडणीची डिस्क असते आणि तिच्या तोंडाला एक छोटी पट्टी लावलेली असते. यूएसबीचा पोर्ट त्या पट्टीवर असतो. पोर्ट तुटला तर पट्टी ओढून काढायची आणि डिस्क नव्या केसमध्ये घालायची. सोल्डरिंगही लागत नाही. टेबलावर ठेवायच्या मोठ्या, वेगळा अडॅप्टर लागणाऱ्या डिस्का तर बहुतेक अशाच असतात. पण खिशात मावणाऱ्या काही डिस्कांमध्ये, उदाहरणार्थ वेस्टर्न डिजिटलच्या माय पासपोर्ट मालिकेतल्या अनेकांमध्ये, यूएसबीचा पोर्ट थेट डिस्कच्याच हिरव्या बोर्डावर बसवलेला असतो. साटाचं तोंड नसतंच. नवी केस लावणार कुठे?

शिवाय अशा काही डिस्कांमध्ये आणखी एक भानगड असते. आपण पासवर्ड ठेवलेला नसला तरी बोर्डावरची चिप सगळी माहिती कुलूपबंद करूनच चकतीवर लिहिते आणि वाचताना उघडून देते. म्हणजे कुणी खटपट करून त्या चिपला वगळून माहिती काढली, तर हाती येतो तो निव्वळ गोंधळ. तीच चिप, तोच बोर्ड जिवंत राहणं गरजेचं. दुकानदार पुढे म्हणाला, "याच मॉडेलची जुनी डिस्क मिळवू, तिचा बोर्ड याला लावू." भाच्याने तेही नको सांगितलं. प्रत्येक डिस्कच्या डोक्यांचं आणि चकत्यांचं स्वतःचं मोजमाप कारखान्यातच तिच्या बोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये भरलेलं असतं. नुसता बोर्ड बदलला तर डिस्क ओळखही देत नाही. ती छोटी चिपही उचलून नव्या बोर्डावर बसवावी लागते. ज्याचा फक्त दरवाजा मोडलाय त्याचं अख्खं घर कशाला बदलायचं?

तर काम उरलं होतं एवढंच, त्याच बोर्डावर वीज आणि माहिती पुन्हा पोचवायची. हे काम संगणकाच्या दुकानदारांपेक्षा मोबाइल दुरुस्त करणारी मुलं चांगलं करतात, कारण चार्जिंगचे पोर्ट बदलणं हा त्यांचा रोजचा धंदा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत अशी माणसं मिळतात असं भाचा म्हणाला. पण मला माझ्याच गावात, एसटी स्टँडजवळच्या एका टपरीवजा दुकानात एक मुलगा मिळाला. पंचविशीचा असेल. टेबलावर मायक्रोस्कोप, गरम हवेची मशीन, मल्टिमीटर. डिस्क पाहून त्याने होकारही दिला नाही आणि नकारही. म्हणाला, "काकी, तुटलेला पोर्ट आणलाय का?" मी वायरीसकट तो रुमालात बांधून नेला होता. त्याने तो मायक्रोस्कोपखाली धरला आणि मला बोलावलं, "बघा."

हा पोर्ट कसा असतो तो आपल्या घरातल्या डिस्कवर पाहा. रुंद, चपटा, मधे एक खाच. जणू शेजारी-शेजारी दोन खोल्या. मोठ्या खोलीत पाच पिना असतात, त्या जुन्या यूएसबी २.० च्या. लहान खोलीतल्या पाच पिना नंतर, यूएसबी ३.० आलं तेव्हा वेग वाढवण्यासाठी जोडलेल्या. गंमत म्हणजे मोठी खोली ही अगदी जुन्या अँड्रॉइड फोनच्या चार्जिंग पोर्टासारखीच असते. त्या फोनची साधी मायक्रो यूएसबी डेटा केबल तिथे बसते आणि डिस्क चालते, वेग कमी मिळतो इतकंच.

ही एक गोष्ट वाचकांनी जरूर लक्षात ठेवावी. माझ्या शाळेतल्या एका बाईंच्या डिस्कचा पोर्ट महिन्याभराने असाच बिघडला, फक्त लहान खोलीचा भाग वाकला होता. घरातल्या ड्रॉवरमधून जुन्या फोनची केबल काढून लावली आणि एका दुपारीत सगळे फोटो बाहेर. खर्च शून्य. केबल मात्र डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलमध्ये माहितीच्या तारा नसतातच.

माझं नशीब तेवढं सोपं नव्हतं. दोन्ही खोल्या गेल्या होत्या. हा पोर्ट बोर्डाच्या वरच्या अंगाला नुसता टेकवून सोल्डर केलेला असतो. पिनांखाली तांब्याचे कागदाहून पातळ ठिपके असतात. वायर बाजूने ओढली गेली की लांब प्लग पहारीसारखं काम करतो आणि सगळा जोर त्या ठिपक्यांवर येतो. माझ्या बोर्डावर एक ठिपका पोर्टाबरोबर उखडून आला होता. त्या मुलाने तो दाखवला, "नवा पोर्ट बसवता येईल. पण गरम हवा मारावी लागेल, बाजूचे बारीक भाग हलायची भीती, आणि हा ठिपका तर नाहीच. काकी, तुम्हाला डिस्क पुढे वापरायचीय का नुसतं आतलं हवंय?"

इतक्या दुकानांत फिरले, पण हा प्रश्न त्याच्याआधी कुणीच विचारला नव्हता.

मी म्हटलं, डिस्क गेली तरी चालेल, आवाज हवा. "मग चार तारा पुरतील," तो म्हणाला. यूएसबी २.० ला चारच तारा लागतात. लाल म्हणजे पाच व्होल्ट, काळी जमिनीची, पांढरी आणि हिरवी माहितीच्या. पण काम सुरू करण्याआधी तो म्हणाला, "तुमचा लॅपटॉप घेऊन या. एक नवी डिस्क पण. मी माझ्या मशीनला लावत नाही. घरातले फोटो असतात लोकांचे." हे मला फार बरं वाटलं. आपल्या घरांत हा विचार नेहमी असतो, आया-बहिणींचे फोटो कुणाच्या हाती पडतील. त्यामुळे पुष्कळ जणी बिघडलेली डिस्क वर्षानुवर्षं कपाटात ठेवतात, दुकानात देतच नाहीत. त्यापेक्षा अट घालावी, काम माझ्यासमोर करा आणि डिस्क फक्त माझ्या लॅपटॉपला जोडा. चांगला कारागीर नाराज होत नाही.

दुसऱ्या दिवशी जोहरनंतर गेले. रोजा होता, उन्हाचा तडाखा होता, पण त्या स्टुलावरून मी उठले नाही. त्याने पहिल्यांदा बोर्ड डिस्कपासून सोडवला. चार-पाच स्क्रू असतात, चांदणीच्या आकाराचे. चकत्यांचा बंद डबा त्याने अजिबात उघडला नाही आणि हे काम करणाऱ्या कुणालाही तो उघडू देऊ नका. धुळीचा एक कणही चकतीला भारी पडतो. मग फ्लक्स लावून जुनं सोल्डर साफ केलं. मल्टिमीटरने पाच व्होल्ट आणि जमीन एकमेकांना कुठे चिकटलेली नाहीत ना ते तपासलं.

एक जुनी, आखूड आणि जाड केबल कापली. आखूड का, तर पातळ लांब तारेत वीज वाटेतच कमी होते आणि डिस्कला फिरायला सुरुवात करताना सर्वांत जास्त वीज लागते. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. म्हणून चार तारांची केबल असली तरी ती लॅपटॉपच्या निळ्या पोर्टात लावायची. आणि केबलीच्या रंगांवर त्याने विश्वास ठेवला नाही, प्रत्येक तार मीटरने मोजली. स्वस्त केबलींत रंग काहीही असतात, आणि लाल-काळी उलटी लागली तर बोर्ड जळू शकतो, मग खरंच मुंबई.

तीन तारा लवकर बसल्या. चौथी, पांढरी, जिथे लागायची तिथला ठिपकाच नव्हता. त्याने मायक्रोस्कोपखाली बोर्डावरचा हिरवा थर सुईच्या टोकाने खरवडला, दोनेक मिलिमीटर. खाली तांब्याची रेघ चमकली, केसाएवढी. तिच्यावर एक तितकीच बारीक, लाखेचा थर असलेली तार टेकवायची होती. पहिल्यांदा सुटली. दुसऱ्यांदा सुटली. त्याने हात खाली घेतले, पाणी प्यायला निघाला, माझ्याकडे पाहून थांबला, "तुमचा उपास असेल ना," म्हणून बाहेर जाऊन पिऊन आला. तिसऱ्यांदा तार बसली. वर निळा प्रकाश मारून घट्ट होणारा एक थेंब टाकला, मग सगळ्या तारांवर गरम गोंदाचा गोळा, म्हणजे केबल हलली तरी ताण सांध्यांवर येऊ नये.

बोर्ड परत लावून केबल लॅपटॉपला जोडली. दोन सेकंद काहीच नाही. मग डिस्कची ती ओळखीची घरघर, वर-वर चढत स्थिर झालेली. टकटक आवाज नाही. टकटक आली असती तर लगेच वायर काढायची होती, कारण तो डोक्यांच्या बिघाडाचा आवाज; मग दुकानाचं काम संपलं, प्रयोगशाळेचं सुरू. खिडकी उघडली. फोल्डरांची नावं दिसली. भावाने टाइप केलेलं, "अब्बा कॅसेट १ ते ४१".

भाच्याने आधीच बजावलं होतं की उघडून ऐकत बसू नका, आधी नक्कल करा. क्रमही ठरवून दिला होता. जे पुन्हा कुठूनही मिळणार नाही ते पहिलं, मग निकाहचे फोटो, मग कागद. कागदांची नक्कल सरकारी कचेरीतून पुन्हा काढता येते, आवाजाची नाही. कॅसेटींचे २५ जीबी पंधरा मिनिटांत उतरले. ती पंधरा मिनिटं मी पडद्यावरची हिरवी पट्टी सोडून दुसरं काही पाहिलं नाही. बाकीचं जवळजवळ २९० जीबीपर्यंतचं सगळं उतरायला साडेतीन तास लागले. जुन्या चार तारांचा वेग तेवढाच. असर मी त्याच्या दुकानामागच्या खोलीत पढले. मगरिबला तो बाजूच्या गाडीवरून खजूर आणि केळी घेऊन आला.

पैसे विचारले तर आठशे म्हणाला. मी जास्त देऊ केले, घेतले नाहीत. "झालं नसतं तर काहीच घेतलं नसतं," एवढंच म्हणाला. नंतर माझ्या दोन मैत्रिणींचे बंद पडलेले फोन मी त्याच्याकडे पाठवले.

आता आमच्याकडे तीन प्रती आहेत. एक त्या नव्या डिस्कवर, एक भावाकडे दोह्यात, एक इंटरनेटवर साठवलेली. कॅसेटींचे एमपी३ करून पेन ड्राइव्हवर बहिणींनाही दिले. डिस्क वापरण्याची रीतही बदलली. डिस्कच्या बाजूची वायर मी काढतच नाही, ती लावलेलीच राहते. जोडणं-काढणं सगळं लॅपटॉपच्या बाजूने, कारण तिकडचा प्लग दणकट असतो. डिस्क आडवी, सपाट जागी, टेबलाच्या भिंतीकडच्या बाजूला. चालू असताना उचलायची नाही. काढताना आधी संगणकाला सांगायचं, घरघर थांबू द्यायची, मग प्लग धरून सरळ ओढायचं, वायर धरून कधीच नाही. मुलं खोलीत असली तर डिस्क लावायचीच नाही. हे शेवटचं धाकट्याने स्वतः सुचवलं. त्या रात्री तो रडला होता आणि अम्मीने त्याला कुशीत घेऊन म्हटलं होतं, "तुझ्या दादांनीसुद्धा एकदा माझा रेडिओ पाडला होता."

गोंदाचा गोळा आणि चार तारा असलेली जुनी डिस्क मी फेकलेली नाही. कपाटात आहे. तिच्यावर काही नवं ठेवत नाही.

सत्ताविसाव्या रात्री इबादतीनंतर अम्मीने सतरा नंबरची कॅसेट मागितली. तिला नंबर पाठ आहेत. त्यात मागे कुठेतरी कुवेतच्या रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजतात, अब्बा खोकतात, भावंडांची नावं एकेक करून घेतात आणि मग विचारतात, पाऊस तोंडावर आला, कौलं परतून घेतली का? घरावर आता स्लॅब आहे. अम्मीने मान हलवली आणि लॅपटॉपकडे पाहून म्हणाली, "घेतली."